जातीवर न गेलेला कुत्रा : ‘गॅस्टन’ आणि चित्रपुस्तकातील स्वत्वाचा प्रश्न

बालसाहित्यातील उघड बोधवादाला आता फारशी प्रतिष्ठा उरलेली नाही. खोटे बोलू नये, वडीलधाऱ्यांचे ऐकावे, आळस करू नये अशा तात्पर्यावर येऊन थांबणारी गोष्ट समीक्षकाला आणि सुजाण पालकाला सारखीच कालबाह्य वाटते. मराठीत विंदा करंदीकरांसारख्या कवींनी बालकवितेला या ओझ्यातून बरेचसे मोकळे केले, हेही सर्वज्ञात आहे. तथापि तात्पर्य बालसाहित्यातून हद्दपार झाले असे समजणे घाईचे ठरेल. गेल्या काही दशकांतील इंग्रजी चित्रपुस्तकांतून एक नवे तात्पर्य वावरताना दिसते आणि ते इतके सार्वत्रिक आहे की त्याचे तात्पर्यपणच जाणवेनासे झाले आहे. ‘तू जसा आहेस तसाच राहा’ हे ते तात्पर्य. चारचौघांत न बसणारा एखादा प्राणी, त्याची कुचंबणा, स्वतःला बदलण्याची त्याची धडपड आणि अखेरीस तो आहे तसा त्याचा स्वीकार, असा या पुस्तकांचा ठरीव आराखडा असतो. या भूमिकेसाठी कुत्र्याची निवड वारंवार होते, हे स्वाभाविक आहे. कुत्रा माणसाळलेला असतो, घरात राहतो, शिकवलेले शिकतो. मुलाचा प्रतिनिधी म्हणून त्याला उभे करणे सोयीचे जाते.

या नव्या तात्पर्याची अडचण त्याच्या व्याकरणातच आहे. ते आज्ञार्थी आहे. ‘स्वतःसारखा हो’ ही आज्ञा जो पाळतो तो स्वतःसारखा होत नाही, आज्ञाधारक होतो. आणि जो ती मोडतो तोही तिच्या कक्षेबाहेर जाऊ शकत नाही. ग्रेगरी बेटसन आणि त्यांचे सहकारी यांनी १९५६ साली मांडलेली ‘दुहेरी बंधा’ची कल्पना मुळात मनोविकाराच्या संदर्भातली असली, तरी आईच्या मांडीवर बसून अशी पुस्तके ऐकणाऱ्या मुलाची स्थिती तिच्यापासून फार दूर नाही. शिवाय ज्या ‘स्वतः’सारखे व्हायचे तो कोठे वसतो, हा प्रश्न उरतोच. रूपात? आवाजात? जन्मात? की लावलेल्या सवयीत? या प्रश्नाला जी पुस्तके सामोरी जातात ती या ठरीव आराखड्यातूनही निसटतात. केली डिपुचिओ यांनी लिहिलेले आणि क्रिश्चन रॉबिन्सन यांनी चित्रित केलेले ‘गॅस्टन’ हे २०१४ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेले चित्रपुस्तक त्यांपैकी एक आहे. त्याचे महत्त्व मराठी वाचकाला कदाचित मूळ वाचकापेक्षा अधिक जाणवेल. त्याचे कारण मराठी भाषेत दडलेले आहे, आणि त्याकडे पुढे वळता येईल.

कथानक अगदी लहान आहे. श्रीमती पूडल आपल्या चार नव्या पिल्लांकडे कौतुकाने पाहत आहेत : फीफी, फूफू, ऊलाला आणि गॅस्टन. शब्दसंहिता ही चार नावे एका ओळीत, एकाच सुरात घेते. चित्रात मात्र तीन पिल्ले नाजूक, कुरळ्या केसांची आहेत आणि चौथे बुलडॉगचे आहे. हे कोणीही बोलत नाही. निवेदक एवढेच विचारतो, की पिल्ले पुन्हा एकदा पाहायची आहेत का? आणि पान उलटल्यावर तीच चार पिल्ले पुन्हा दाखवतो. पेरी नोडेलमन यांनी १९८८ च्या आपल्या ग्रंथात चित्रपुस्तकातील शब्द आणि चित्र यांचे नाते मूलतः उपरोधाचे असते, असे प्रतिपादन केले आहे. दोहोंपैकी एकजण नेहमी दुसऱ्याने न सांगितलेले सांगत असतो. ‘गॅस्टन’चा प्रारंभ हा या सिद्धान्ताचा नमुना म्हणून वर्गात दाखवता येईल असा आहे. पण तेवढ्यावर थांबल्यास या पानाचे खरे काम नजरेआड होते. पुन्हा पाहण्याचे निमंत्रण मुलाला हसवते आणि हसवता हसवता त्याला एका कृत्यात सामील करून घेते. चौघांतला एक वेगळा काढण्याचे काम आई करत नाही, बहिणी करत नाहीत, निवेदकही करत नाही. ते वाचक करतो. गॅस्टनचे विजोडपण कथेत सुरू होते ते वाचकाच्या डोळ्यांत.

पुढे पिल्ले वाढतात. बहिणी चहाच्या पेल्याएवढ्याच राहतात आणि गॅस्टन किटलीएवढा होऊन त्यापुढेही वाढत जातो. त्यांचे शिक्षण सुरू होते. दूध घोट घोट प्यावे, लाळ गाळू नये. भुंकणे असे असावे, तसे नसावे. चालावे डौलात, धावत सुटू नये. मूळ संहितेत हे धडे यमकांच्या ठेक्यात येतात आणि प्रत्येक धड्याला एक निषेध जोडलेला असतो. चारही पिल्ले शिकतात. गॅस्टन सर्वांत जास्त मेहनत घेतो आणि सर्वांत मोठे हसतो. एका वसंतात कुटुंब उद्यानात फिरायला जाते. तेथे श्रीमती बुलडॉग आपली पिल्ले घेऊन आलेल्या असतात : रॉकी, रिकी, ब्रूनो आणि आंत्वानेत. यातले शेवटचे पिल्लू पूडलचे आहे. निवेदक पुन्हा तोच प्रश्न विचारतो, आणि या वेळी वाचकाला पुन्हा पाहण्याची गरजही नसते. त्याची नजर तयार झालेली असते. आता प्रथमच कथेतली पात्रेही वाचकाला दिसते तेच पाहतात. काहीतरी भयंकर चूक झाली आहे, हे दोन्ही आयांच्या लक्षात येते. काय करायचे ते पिल्लांनी ठरवावे, असे त्या म्हणतात. पिल्ले जागा बदलतात. दिसायला आता सारे जुळते. वाटायला मात्र जुळत नाही. ती रात्र दोन्ही घरांत वाईट जाते. सकाळी सारे उद्यानाकडे धावतात आणि पिल्ले आपापल्या जुन्या आईकडे परततात.

‘दिसणे’ आणि ‘वाटणे’ या दोन क्रियापदांवर सारी संहिता तोललेली आहे. यातले पहिले चित्राच्या आवाक्यात येते, दुसरे येत नाही. रॉबिन्सन यांची शैली सपाट रंगांची, सोप्या आकारांची आहे. त्यांचे प्राणी चेहऱ्यावरून फारसे काही सांगत नाहीत. डोळा हा एक ठिपका असतो. त्यामुळे जागा बदललेल्या पिल्लांचे चित्र दृश्य पातळीवर निर्दोष असते, सारख्यात सारखे बसलेले असते. त्याच पानावर शब्द आपली साक्ष देतात आणि चित्राला खोटे पाडतात. पहिल्या पानावर चित्राने शब्दांना उघडे पाडले होते. येथे नाते उलटे होते. वाचकाच्या नजरेला सुरुवातीला जो विनोद सापडला होता त्याची किंमत त्याला या पानावर मोजावी लागते. बालवाचकाला एवढ्या थोड्या साधनांनी स्वतःच्या पाहण्याविषयी साशंक करणारी पुस्तके विरळा आहेत.

येथपर्यंतचे वाचन कोणत्याही भाषेत सारखेच होईल. हीच कथा मराठीत सांगू जाता मात्र पहिल्याच पावलाला एक शब्द आडवा येतो. कुत्र्यांच्या प्रकाराला मराठीत ‘जात’ म्हणतात. बुलडॉग ही कुत्र्याची एक जात, पूडल ही दुसरी. उत्तम पैदाशीचा तो ‘जातिवंत’ कुत्रा, आणि ज्याला जात सांगता येत नाही तो ‘गावठी’. (हे विशेषण कुत्र्यांपुरते राहिलेले नाही. मराठी समीक्षेला ‘जातिवंत कवी’ हा शब्दप्रयोग प्रशंसा म्हणून वापरताना आजवर फारसे अवघडल्यासारखे झालेले नाही.) मूळ संहितेत प्रकार दर्शविणारा असा शब्द गाजवलेला नाही, तेथे प्रकार आहे तो आयांच्या नावात, श्रीमती पूडल आणि श्रीमती बुलडॉग अशा आडनावांच्या रूपाने. आडनावावरून जात ओळखण्याची ज्या समाजाला सवय आहे, त्या समाजातल्या वाचकाला ही योजना विनोदी वाटण्याआधी परिचित वाटेल. पिल्लांना आडनावे नाहीत. गॅस्टन नुसता गॅस्टन आहे.

याहून महत्त्वाची गोष्ट अशी, की इंग्रजीत ज्या घटनेला ‘स्वतःसारखे होणे’ असे गौरवाने म्हटले जाते, तिच्यासाठी मराठीचा रूढ वाक्प्रचार ‘जातीवर जाणे’ हा आहे आणि तो शिवीसारखा वापरला जातो. वरचे लेपन उतरले की आतला मूळ स्वभाव बाहेर पडतो, हा अर्थ दोन्हीकडे एकच आहे. मूल्य मात्र उलटे आहे. कुत्र्याचे शेपूट नळीत घातले तरी वाकडे ते वाकडेच, ही म्हण त्याच जातकुळीची. तिच्यातला कुत्रा पूर्णतः ‘स्वतःसारखा’ आहे, आणि तोच त्याच्यावरचा ठपका आहे. मराठी मनाला स्वत्वाची कल्पना अपरिचित नाही. ते स्वत्व जन्माने ठरते, ते बदलत नाही आणि खालच्याचे असेल तर ते लपवणे हा अपराध असतो, अशा तीन अटींसह ती आपल्याकडे आली आहे.

पंचतंत्रातील निळ्या कोल्ह्याची कथा या अटींचे शास्त्र सांगते. चंडरव नावाचा कोल्हा नगरातल्या कुत्र्यांच्या भीतीने नीळ भरलेल्या पिंपात पडतो, निळा होऊन रानात परततो, ककुद्रुम हे नाव घेऊन राजा होतो, सिंह-वाघांना चाकरीला ठेवतो आणि आपल्या कोल्ह्यांना हाकलून देतो. एके दिवशी दूरवर कोल्हेकुई ऐकू येते. त्याचे अंग रोमांचित होते, डोळ्यांत आनंदाचे अश्रू येतात आणि तो स्वतः ओरडू लागतो. सिंह त्याला ओळखतात आणि मारतात. वाघाच्या कातड्यातले गाढवही असेच आवाजाने फसते. रंग आणि कातडे उसने घेता येते, आवाज घेता येत नाही, हे या कथांचे स्वभावशास्त्र आहे. शालेय वाचनात या कथेचे तात्पर्य सोंग उघडे पडते असे सांगितले जाते. त्यात ते आनंदाश्रू गळतात. चंडरव ओरडतो तो क्षण त्याच्या आयुष्यातला एकमेव खरा सुखाचा क्षण आहे. आपल्यांत असल्याचे त्याला ‘वाटते’. संहिता हे वाटणे नोंदवते आणि पुढच्याच वाक्यात त्याला ठार करते.

अँडरसनचे कुरूप बदकपिल्लू (१८४३) या व्यवस्थेला बाधा आणत नाही. ते केवळ तिची वरची बाजू दाखवते. हंसाच्या अंड्यातून आलेला जीव बदकांच्या अंगणात वाढला म्हणून काही बिघडत नाही, त्याचे हंसपण त्याला मिळणारच. ग. दि. माडगूळकरांच्या गीतामुळे ही कथा मराठी घराघरांत पोचली आणि वर्गात हसले गेलेल्या असंख्य मुलांना तिने दिलासा दिला, हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु हा दिलासा कोणाला मिळतो, हे पाहिले पाहिजे. जो मुळात राजहंस आहे त्याला. जे पिल्लू खरोखरच कुरूप बदक असेल त्याच्यासाठी या कथेत काहीही नाही. कोल्हा जातीवर गेला म्हणून मेला, हंस जातीवर गेला म्हणून तरला. दोन्ही ठिकाणी निकाल जन्माने दिला.

‘गॅस्टन’ हे या बदकपिल्लाला दिलेले उत्तर आहे. अँडरसनच्या आराखड्याप्रमाणे कथा उद्यानातील भेटीपाशी संपायला हवी होती. परक्या घरात वाढलेल्या पिल्लाला आपल्या जातीचे भेटले, आता आनंदीआनंद. डिपुचिओ कथेला नेमके त्या ठिकाणी आणतात, वाचकाला तो समेट दाखवतात आणि तो चुकीचा ठरवतात. गॅस्टन जातीवर जात नाही. बुलडॉगांच्या घरातले धसमुसळे, दणकट जगणे त्याला रुचत नाही. त्याच्या मूळ स्वभावाला अचानक जाग येत नाही. आंत्वानेतला पूडलांच्या घरातले गुलाबी आणि नीटनेटके जग नकोसे होते. मराठीतल्या ‘खाण तशी माती’ या म्हणीला येथे दुसरी म्हण छेद देते. ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला. ही म्हणही तक्रारीच्या सुरातच उच्चारली जाते, हे खरे. तरी वाण आणि गुण यांची तिने केलेली फारकत ‘गॅस्टन’च्या आशयाला अगदी बरोबर लागू पडते.

यावर एक गंभीर आक्षेप संभवतो. गॅस्टनचे हे ‘स्वत्व’ म्हणजे काय? घोट घोट पिणे, हळू भुंकणे, डौलात चालणे. म्हणजे श्रीमती पूडल यांनी घालून दिलेली शिस्त. ज्याला अंतःस्वर म्हटले जाते तो आईचाच आवाज आहे, पुरेसा मुरलेला. शिवाय ही शिस्त निरागस नाही. फ्रेंच वळणाची नावे, चहाची भांडी, लोकांसमोर पहिल्यांदा जाण्याचा सोहळा या साऱ्यांतून एका विशिष्ट वर्गाचे सभ्यपण सूचित होते, आणि बुलडॉगांच्या वाट्याला त्या सभ्यपणाच्या बाहेरचे रांगडेपण येते. सभ्य घरात वाढलेला रांगड्या घरात रमत नाही, यात मुक्ती कसली, असे विचारता येईल. हा आक्षेप फेटाळण्यासारखा नाही, पण तो अर्धाच आहे. कारण पुस्तकात आंत्वानेत आहे. ती उलट दिशेने तेच सांगते. तिला सभ्यपण ‘वर’ दिसत नाही. उजव्या घरात आल्याचा तिला काडीइतकाही आनंद नाही. संस्कृतायनाच्या शिडीवर चढण्याचा हा प्रवास असता तर आंत्वानेतने पूडलांकडेच राहायला हवे होते. दोन घरांची अदलाबदल पूर्ण सममित ठेवून लेखिकेने ही शिडी काढून घेतली आहे. मुलगे दांडगे, मुली नाजूक हा संकेतही त्याच ओघात उलटतो, आणि त्याबद्दल पुस्तक एक अक्षरही बोलत नाही, हे त्याच्या बाजूने सांगण्याजोगे आहे.

आक्षेपाचा उरलेला अर्धा भाग मान्य करावा लागतो, आणि तो मान्य केल्याने पुस्तकाची उंची वाढते. येथे स्वत्व हे आत दडलेले रत्न नाही. ते कष्टाने कमावलेले, दुसऱ्याने शिकवलेले आणि म्हणून आपले झालेले असे काही आहे. गॅस्टन सर्वांत जास्त मेहनत घेतो हे वाक्य प्रथम वाचताना करुण वाटते. बुलडॉगाने पूडल होण्यासाठी झिजावे यातला निरर्थकपणा तेथे दिसतो. रात्रीच्या प्रसंगानंतर तेच वाक्य मागे जाऊन वाचले तर त्याचा अर्थ पालटलेला असतो. जे बहिणींना अंगभूत होते ते त्याने मिळवले होते, आणि मिळवलेले म्हणूनच ते त्याला सोडवत नाही.

पिल्लांवर सोपवलेल्या निवडीच्या पानाकडे समीक्षकांनी अधिक लक्ष द्यायला हवे. आया उदारपणे निर्णय मुलांवर सोडतात. मुले निर्णय घेतात, आणि तो चुकतो. स्वातंत्र्य मिळालेल्या पहिल्याच क्षणी ती स्वतःला इतरांच्या नजरेने पाहतात आणि ती नजर सांगते त्या जागी जाऊन उभी राहतात. त्यांच्यावर कोणीही सक्ती केलेली नसते. ‘चूक’ हा एक शब्द उच्चारला गेलेला असतो, तेवढा पुरतो. व्यक्तीला हाक मारून तिला तिच्या जागेवर उभे करण्याची जी प्रक्रिया आल्थ्युसर यांनी १९७० च्या निबंधात वर्णन केली, तिचे इतके निरुपद्रवी दिसणारे उदाहरण क्वचितच सापडेल. ‘तू तूच हो’ सांगणाऱ्या पुस्तकांना हे पान परवडत नाही, कारण त्यांच्या मते निवड मिळाली की स्वत्व आपोआप सापडते.

दुर्दैवाने ‘गॅस्टन’लाही ते शेवटपर्यंत परवडलेले नाही. पुढे दोन्ही कुटुंबे रोज उद्यानात भेटू लागतात, एकमेकांकडून काही काही शिकतात. वर्षांनंतर गॅस्टन आणि आंत्वानेत प्रेमात पडतात, त्यांना पिल्ले होतात, आणि त्या पिल्लांना ती दोघे हवे ते होण्यास शिकवतात. येथे पुस्तक संपते. हे शेवटचे वाक्य आधीच्या सर्व पानांनी रद्द केलेल्या समजुतीकडे परत नेणारे आहे. ‘हवे ते होणे’ या शब्दांत एक असा ‘हवे’ गृहीत धरलेला आहे, जो कोणी शिकवण्याआधीच पिल्लाच्या ठायी तयार असतो. गॅस्टनच्या बाबतीत तसे काही नव्हते, हे दाखवण्यातच तर पुस्तक खर्ची पडले होते. आणि क्रियापद आहे ‘शिकवणे’. घोट घोट प्यायला जसे शिकवले गेले तसे आता हवे ते व्हायलाही शिकवले जाणार. पहिल्या धड्यांत निदान निषेध स्पष्ट होते; या धड्यात काय करू नये ते पिल्लाला कळण्याचा मार्ग नाही. जॅकलिन रोझ यांनी १९८४ साली बालसाहित्याच्या अशक्यतेविषयी जे म्हटले, की त्यातले मूल हे मोठ्यांच्या इच्छेने रचलेले असते, त्याचा प्रत्यय येथे येतो. शेवटचे पान पिल्लांसाठी नाही. ते पुस्तक विकत घेणाऱ्या हातांसाठी आहे. २०१७ मध्ये आलेल्या ‘आंत्वानेत’ या पुढच्या पुस्तकात तर हा ढळलेला तोल स्पष्ट होतो. भावांकडे एकेक खास गुण आहे, आपला खास गुण कोणता, या शोधात ती नायिका सापडते आणि हरवलेल्या ऊलालाला हुडकून काढताना तो तिला मिळतो. ‘वाटणे’ या अवघड गोष्टीची जागा ‘गुणवत्ता’ या सोप्या गोष्टीने घेतली आहे.

हा शेवट टाळता येणे शक्य होते का? ज्यूल्स फाइफर यांचे ‘बार्क, जॉर्ज’ (१९९९) हे त्याचे उत्तर आहे. फाइफर (१९२९-२०२५) हे मुळात व्यंगचित्रकार. त्यांना १९८६ साली पुलित्झर पारितोषिक मिळाले होते, आणि दोनतीन रेषांत देह व स्वभाव उभा करण्याची त्यांची हातोटी या पुस्तकात पुरेपूर उतरली आहे. पार्श्वभूमी म्हणून नुसता सपाट रंग, त्यावर एक आई आणि एक पिल्लू. आई सांगते, भुंक. जॉर्ज म्यांव करतो. मांजर म्यांव करते, कुत्रा भुंकतो, असे समजावून ती पुन्हा सांगते. तो बदकासारखा बोलतो, मग डुकरासारखा, मग गायीसारखा. आई त्याला पशुवैद्याकडे नेते. तो हातमोजा चढवून जॉर्जच्या घशात खोल हात घालतो आणि मांजर बाहेर काढतो, मग बदक, मग डुक्कर, आणि सर्वांत लांब हातमोजा घालून गाय. जॉर्ज भुंकतो. आई हर्षभरित होऊन सर्वांचे मुके घेते. घरी जाताना रस्त्यावर गर्दी असते. लोकांना दाखवावे म्हणून ती त्याला पुन्हा भुंकायला सांगते. जॉर्ज म्हणतो : हॅलो.

पंचतंत्राचे स्वभावशास्त्र येथे मुळापासून उखडले आहे. आवाज उसना घेता येत नाही, या गृहीतकावर चंडरवाचा मृत्यू बेतलेला होता. जॉर्जचा प्रत्येक आवाज उसना आहे. परके बाहेरून लेपलेले नसून आत गिळलेले आहे, आणि ते उपसून काढल्यावर जे उरते ते ‘भू’ म्हणजे त्याचे स्वत्व, अशी वाचकाची समजूत पानभर टिकते. पुढच्या पानावर कळते, की तोही एक थरच होता. कुत्र्याचे भुंकणे हे सोस्यूर यांनी अनुकरणवाचक शब्दांच्या चर्चेत घेतलेले उदाहरण आहे. फ्रेंच कुत्रा एक बोलतो आणि जर्मन कुत्रा दुसरे, म्हणून तेथेही संकेत आहेच, असे त्यांचे म्हणणे. कुत्रा ‘भू भू’ करतो हे कुत्र्याला नव्हे, भाषा शिकणाऱ्या मुलाला शिकावे लागते. जॉर्जची आई प्राण्यांचे आवाज शिकवणाऱ्या प्रत्येक आईचे काम करते आहे. ‘हॅलो’ हा शब्द मराठीत आणताना त्याला एक जादा परिमाण येते. तो दूरध्वनीबरोबर आलेला, प्रत्यक्ष भेटीत अजूनही किंचित परका वाटणारा शब्द आहे. मराठी जॉर्ज जात तर ओलांडेलच, भाषाही ओलांडेल. जेजुरीच्या वाघ्यांची परंपरा ज्यांना माहीत आहे त्यांना येथे आणखी एक उलट प्रतिमा दिसेल. खंडोबाचा कुत्रा म्हणवून घेणारा माणूस देवासमोर भुंकत असे. आणि येथे गर्दीसमोर भुंकायला सांगितलेला कुत्रा माणसाचा शब्द उच्चारतो. पहिल्यातले भुंकणे दास्याची खूण आहे. दुसऱ्यातला ‘हॅलो’ कशाची खूण आहे, हे फाइफर सांगत नाहीत. आईच्या चेहऱ्यावरून एवढेच कळते, की तिलाही ते माहीत नाही.

रचनेच्या दृष्टीने ‘बार्क, जॉर्ज’ अधिक निर्दोष आहे, यात शंका नाही. त्याला शेवटचे वाक्य स्वच्छ न लिहिता येण्याची अडचण नाही, कारण त्याने कोणालाही दिलासा देण्याचे पत्करलेले नाही. पण श्रेष्ठतेचा निवाडा एवढ्यावर करता येणार नाही. जीन झायन आणि मार्गारेट ब्लॉय ग्रॅहम यांच्या ‘हॅरी द डर्टी डॉग’ (१९५६) या जुन्या पुस्तकातला पांढरा कुत्रा मळून काळा होतो आणि घरचे त्याला ओळखत नाहीत. ओळख पटवण्यासाठी त्याला जी अंघोळ नको होती तीच मागून घ्यावी लागते. जॉर्जलाही आईसमोर भुंकून दाखवावेच लागते. दोन्ही पुस्तकांत ओळख पटवण्याची जबाबदारी पिल्लावर आहे. (हॅरी शेवटी अंघोळीचा ब्रश उशीखाली लपवून झोपतो, हा त्याने ठेवलेला लहानसा हक्क.) ‘गॅस्टन’मध्ये मात्र बदल पिल्लावर लादलेला नाही. जागा बदलल्यानंतरच्या रात्री दोन्ही आया आपल्या गेलेल्या पिल्लासाठी झुरतात. सकाळी उद्यानाकडे धावताना त्या आपल्या डोळ्यांनी केलेली चूक मागे घ्यायला निघालेल्या असतात. पंचतंत्रातल्या सिंहांनी असे केलेले नाही, बदकांच्या अंगणातही हे घडलेले नाही.

या पुस्तकाचा मराठी अनुवाद करू जाणाऱ्याने श्रीमती पूडल यांना काय म्हणावे, हा प्रश्न त्यामुळे केवळ सोयीचा राहत नाही. ‘पूडलआई’ म्हटले तर माया येते आणि आडनाव हरवते. ‘सौ. पूडल’ म्हटले तर आडनाव राहते, आणि त्याबरोबर लग्नपत्रिकेची सारी भाषा आत येते. शेवटच्या पानावरच्या पिल्लांना तर मूळ संहितेनेही आडनाव दिलेले नाही. त्यांचा बाप पूडलांत वाढलेला बुलडॉग आहे, आई बुलडॉगांत वाढलेली पूडल. मराठी वाचक मूल त्या चित्रावर बोट ठेवून विचारील, की ही कोणत्या जातीची?